रांगेत बघा, पुढे चला

शाळेच्या सहलीबरोबर पालक कशाला नेतात, हे मला चव्वेचाळीस वर्षं कळलं नव्हतं. या जानेवारीत कळलं. मोजायला नेतात. माझ्या मुलीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'बँकेत कारकून' असा वाचून मोठ्या बाईंनी माझी निवड केली असणार. बसमध्ये चढताना त्रेचाळीस, उतरताना त्रेचाळीस, नळाशी त्रेचाळीस. वीस वर्षं नोटा मोजल्या. पण नोटा निदान मोजताना एकमेकींच्या वेण्या ओढत नाहीत.

सहल राणीच्या बागेची. तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण भायखळ्याला कुणाला पत्ता विचारलात तर राणीची बागच म्हणावं लागतं. फाटकात शिरतो न शिरतो तोच बाईंनी प्रत्येकाच्या हाती एकेक 'निरीक्षण तक्ता' दिला. बावीस रिकाम्या जागा. वाघाला पाय किती? हत्तीचा रंग कोणता? आता मला सांगा, वाघाचे पाय मोजायला भायखळ्याला कशाला जायचं? ते काम परळच्या आमच्या खोलीत बसून होतं, आणि सुरक्षितही.

माझं भांडण आहे ते या तक्त्याशी. वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटं, जागा बावीस. त्यातून डबा, नळ आणि माझी मोजणी वजा जाता एका प्राण्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. आमच्या काउंटरवर पासबुक भरायलाही याहून जास्त लागतात! मुलं पिंजऱ्याशी यायची, पाटी वाचायची, नाव उतरवायची, पुढे पळायची. प्राण्याकडे पाहिलं नाही तरी चालत होतं. स्पेलिंग चुकलं तर चालत नव्हतं.

शिवाय शिट्टी. रेंगाळला की शिट्टी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयात गोंगाट करून प्राण्यांना त्रास द्यायला मनाई आहे. मी हे बाईंच्या कानावर घातलं. (कलमं पाठ असणं हा आमचा धंद्याचा रोग.) बाई म्हणाल्या, "तुम्ही मुलं मोजा हो." मोजली.

पेंग्विनपाशी तर कमाल झाली. हे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले, हम्बोल्ट जातीचे. तक्त्यात प्रश्न : पेंग्विन कोठे राहतो? अपेक्षित उत्तर : बर्फात. पण हम्बोल्ट पेंग्विनचा बर्फाशी संबंध आमच्या घरच्या फ्रीजइतकाच. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, खडकांच्या फटीत नाहीतर जमिनीत बीळ करून राहणारा. एका मुलाने कुठेतरी वाचून 'पेरू' लिहिलं. बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "काय खातो ते विचारलेलं नाही."

हाच मुलगा पुढे हरवला. म्हणजे माझी मोजणी बेचाळीसवर आली. ट्रायल बॅलन्सला एक रुपयाचा फरक आला की पोटात जो गोळा येतो, त्याच्या दहापट आला. धावत मागे गेलो, तर स्वारी पाणघोड्याच्या तळ्याशी. तक्ता खाली पडलेला, कोरा. मी दंड धरून ओढला तर म्हणतो, "काका, थांबा ना. तो वर आला की आधी कान झटकतो. पाच वेळा बघितलं. आणि खाली गेला की नाक बंद करतो."

मी पाहिलं. खरंच, पाण्यातून दोन नाकपुड्या वर आल्या, दारं उघडावीत तशा उघडल्या, आणि लगेच एवढ्याशा कानांनी पाणी उडवलं. पाणघोडा दिवसभर पाण्यात पडून राहतो आणि गवत खायला रात्री बाहेर निघतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तो कान आधी झटकतो हे चव्वेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. शिट्टी वाजली. आणि मी, मघाशी कलम ३८ जे सांगणारा मी, त्या पोराला ओढत रांगेत घेऊन गेलो. त्रेचाळीस.

परतीच्या बसमध्ये त्याला शून्य मिळालं. माझ्या मुलीला बावीसपैकी बावीस. घरी आल्यावर तिला विचारलं, "पाणघोडा कसा होता गं?" तिने तक्ता पाहून सांगितलं, "राखाडी."

बाईंचा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्रेचाळीस पोरं परत न्यायची म्हणजे छातीवर दगड, आणि त्यांच्याही कागदावर टिक करणारं कुणीतरी वर बसलेलं असतंच. पण बावीस प्राणी कुणी सांगितलेत? तीन दाखवा. एकाच तळ्याशी अर्धा तास बसवा, डबे तिथेच खाऊ द्या. प्राणी झोपला तर झोपलेला बघू द्या. तक्ता हवाच असेल तर एकच ओळ ठेवा : काय पाहिलंस? हे सगळं मी 'पालकांचा अभिप्राय' या सदरात लिहिलं. सदर दीड इंचाचं, म्हणून समासातही लिहिलं.

उत्तर गेल्या आठवड्यात आलं. अभिप्रायाबद्दल आभार, पुढची सहल बँक पाहायला, आमच्याच शाखेत. वेळ वीस मिनिटं. तक्त्याची प्रत सोबत जोडलेली. प्रश्न तिसरा : काचेमागचे काका दिवसभर काय करतात? (एका शब्दात.)