पाच मिनिटांत न मावलेलं



२०२१ चं दशलक्षण पर्व सुरू झालं तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी बस्तीचं दार आपल्यासाठी बंद होतं. उपाध्ये आत एकटे अभिषेक करायचे, आपण तो मोबाइलवर बघायचो. २०२० च्या दिवाळी पाडव्याला मंदिरं उघडली तेव्हा वाटलं होतं, संपलं आता. एप्रिल २०२१ मध्ये परत कुलूप लागलं. अशात मंडळानं उत्तम त्यागाच्या दिवशी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला आणि मला विषय दिला, ‘कोरोनानं दिलेली सकारात्मकता’. वेळ पाच मिनिटं. आक्कांनी फोनवर बजावलंसुद्धा, “रडकं काही बोलू नकोस हं, लोकांना आता चांगलं ऐकायचंय.”

चांगलं मीही बोलणार आहे. पण पाच मिनिटांत जे बोलता येणार नाही, ते इथे लिहिते.

सुरुवातीलाच एक तक्रार. कोरोनाच्या त्या दीड वर्षात आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरलेला मेसेज कुठला असेल, तर ‘हे सगळं आपल्या धर्मात आधीच सांगितलं होतं’ हा. उकळलेलं पाणी, बाहेरचं न खाणं, शोधाचा स्वयंपाक, तोंडावर पट्टी. मीही तो पुढे पाठवला आहे, खोटं कशाला बोलू! पण नंतर विचार केला. कोरोना काही पाण्यातून येत नव्हता, तेव्हा आपल्या उकळलेल्या पाण्याचं श्रेय तिथेच संपलं. आणि आपल्या स्थानकवासी बहिणींकडचे साधू-साध्वी मुहपत्ती बांधतात ती स्वतःला काही होऊ नये म्हणून नव्हे. बोलताना आपल्या श्वासानं सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, म्हणून. आपण मास्क लावला तो मात्र ‘मला होऊ नये’ म्हणून. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते की तुमच्या साध्या कापडी मास्कचा उपयोग तुमच्यापेक्षा समोरच्याला जास्त आहे. आपण काय केलं? अनोळखी माणूस दिसला की मास्क वर आणि घरची मंडळी जमली की हनुवटीवर. धर्मात सांगितलेलं आपल्याला आठवलं खरं, पण अर्धवट.

आता चांगल्याकडे येते.

एप्रिल २०२० आठवा. महावीर जयंती ६ तारखेला होती. पालखी नाही, मिरवणूक नाही, घरातल्या घरात दिवा. नेमक्या त्याच आठवड्यात मंडळात डब्यांचं ठरलं. कारखान्याचा हंगाम आटोपला होता आणि कोयत्यावर आलेली बीडकडची माणसं रस्ते बंद म्हणून इथेच खोळंबली होती. गावाबाहेर पालं टाकून राहिलेली, लहान पोरं बरोबर. आम्ही बाराजणींनी आपापल्या घरी चपात्या, कोरडी भाजी आणि मसालेभात करायचं ठरवलं आणि पहिल्याच फोनवर वाद झाला: डब्यात कांदा-बटाटा घालायचा की नाही?

हसू नका, हा वाद दोन दिवस चालला. एकजण म्हणाली, “खाणारी माणसं जैन नाहीत, त्यांना कोबी-दुधीचा काय आनंद?” आक्का म्हणाल्या, “ते काय खातात तो त्यांचा प्रश्न. मी माझ्या हातानं कंदमूळ चिरणार नाही.” मला दोघींचंही पटत होतं. शेवटी आक्कांचं चाललं. दुधी, कोबी, वांगं, मटकी. डबे संध्याकाळी साडेपाचला निघायचे, कारण आपला स्वयंपाक दिवस असताना उरकायचा.

चौथ्या दिवशी डबे घेऊन जाणारा माझा मुलगा परत आला तो गप्प. खोदून विचारल्यावर म्हणाला, “आई, ते लोक भात कुत्र्यांना घालतात.” मला राग आला. एवढं उन्हाचं गॅससमोर उभं राहायचं आणि यांना किंमत नाही! दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्कूटरवर त्याच्या मागे बसून गेले. तिथल्या एका बाईनं सरळ सांगितलं, “ताई, तुमचं जेवण ग्वाड हाय. पर आमी जेवतो रातच्याला नऊ-धाला. तवर भात आंबतोय. त्यापरीस पीठ-मीठ द्या, आमी भाकरी थापतो.”

कांद्यावर दोन दिवस भांडलो आम्ही. तुम्ही जेवता कधी, हे विचारायचं एकीलाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिधा सुरू केला. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, चटणी, साबण. कष्ट निम्मे झाले, खर्चही आटोक्यात आला आणि एक दाणा वाया गेला नाही. त्यात कांदे नव्हते. ते त्यांच्याकडे होतेच. पुढे एप्रिलच्या मध्यावर ऊसतोड मजुरांना गावी जायची परवानगी मिळाली आणि पालं उठली. निघताना त्या बाईनं माझ्या मुलाच्या हाती आमच्या तेलाच्या बाटल्या धुऊन परत पाठवल्या. सगळ्या.

आहारदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुनिमहाराजांचा आहार येतो. त्या वेळी आपण किती जपतो! महाराजांना काय चालतं, कोणत्या रसाचा त्याग आहे, पाणी किती तापलेलं लागतं, सगळं आधी विचारून घेतो. अक्षय्य तृतीयेला आदिनाथ भगवंतांच्या आहाराची गोष्ट सांगतो, तिचं मर्मही हेच ना? लोक हत्ती, घोडे, रत्नं घेऊन पुढे येत होते. भगवंतांना द्यायचं काय आणि कसं, हे कुणाला कळतच नव्हतं. श्रेयांस राजाला ते उमगलं आणि उसाचा रस दिला गेला. उसाच्या या जिल्ह्यात ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकते. ऊस तोडणाऱ्यांच्या पालावर जाऊन मला ती कळली.

(मध्येच एक. टेम्पोपुढे बॅनर धरून जे फोटो निघाले, त्यांत आमच्यापैकी एकीचंही तोंड नाही. दानाचा गाजावाजा नको हे मान्य. मग बॅनर तरी कशाला?)

सांगलीकरांना संकट नवीन नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्याकडे तीन कुटुंबं आठ दिवस राहिली. एका हॉलमध्ये अठराजण, एक संडास, एक गॅस. भांडणं झाली, पण एकमेकींच्या गळ्यात पडून रडलोसुद्धा. जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं, तेव्हाही दारं उघडीच होती. पुरात माणसाला घरात घ्यायचं असतं, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. कोरोनात मात्र माणसाला लांब ठेवायचं होतं आणि तरी तोडायचं नव्हतं. ते आपल्याला जमलं नाही. निदान मला नाही जमलं.

मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपूरचं नाव टीव्हीवर गाजत होतं. एकाच कुटुंबातली इतकी माणसं बाधित निघाली म्हणून आपण सगळे हादरलो होतो. “तिकडचं भाजीपालासुद्धा नको,” असं म्हणणाऱ्यांत मी होते. ती माणसं बरी होऊन घरी गेली, तेव्हा ही बातमी मात्र मी कुणाला फोन करून सांगितली नाही.

त्याच वर्षी गणपतीनंतर आमच्या समोरच्या घरात पेशंट निघाला. महापालिकेची माणसं आली, बांबू बांधले, फलक लावला. समोरच्या काकू आमच्या समाजातल्या नाहीत, पण वीस वर्षं त्यांच्याशी वाटीभर साखरेची देवघेव. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅलरीत येऊन म्हणाल्या, “लिटरभर दूध मिळेल का गं? पिशवी फाटकाला अडकव फक्त.” मी आत स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं. मी खिडकी लावून घेतली.

एवढंच. बाकी काही केलं नाही मी. घरात सासूबाई ऐंशीच्या होत्या, भीती खरी होती, हे सगळं मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे. पण फाटकाला पिशवी अडकवून कुणाला कोरोना होत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. दूध दिलं ते आमच्या गल्लीत भाजीचा गाडा लावणाऱ्या मुमताजभाभींनी, नंतर पंधरा दिवस, न सांगता.

म्हणून ‘समाजाची एकजूट’ असं कुणी म्हणालं की मला जरा अवघडतं. समाज म्हणजे कोण? आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी खूप केलं, ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवले, रात्री-अपरात्री गाड्या काढल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण तत्त्वार्थसूत्रातल्या पाचव्या अध्यायातलं जे वाक्य आपल्या प्रत्येक पत्रिकेवर, प्रत्येक ध्वजाखाली छापलेलं असतं, ते जीवांबद्दल बोलतं. आपल्या पोटजातीबद्दल नाही.

आता आण्णांचं सांगते. माझे चुलत सासरे. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. आण्णांचा रोज एकशे आठ णमोकारांचा नेम होता आणि त्यांची एकच इच्छा सगळ्या घराला माहीत होती: शेवटी कानावर णमोकार पडावा. मोबाइल त्यांना धरवत नव्हता, ऑक्सिजनच्या आवाजात ऐकूही जाईना. वहिनींनी मोठ्या अक्षरांत मंत्र एका कागदावर लिहिला आणि फाटकावर डबा घ्यायला येणाऱ्या सिस्टरच्या हाती दिला. ती मिरजेची, ख्रिस्ती. म्हणाली, “मला नीट म्हणता येईल का माहीत नाही, पण ड्यूटी सुरू झाली की एकदा वाचत जाईन.”

ती नऊ दिवस वाचत होती. ‘आयरियाणं’ला अडखळायची, असं तिनंच सांगितलं. आण्णा मास्कमधून खुणेनं दुरुस्त करायचे म्हणे. दहाव्या दिवशी पहाटे तिनं वहिनींना स्वतःच्या फोनवरून फोन केला: “आजोबा गेले. मी शेजारी होते. तुमचा कागद वाचला.” अंगावर तो निळा पोशाख, बारा तासांची ड्यूटी, वॉर्डात किती पेशंट कुणास ठाऊक, आणि तिनं कागद जपून ठेवला होता.

त्यानंतर सांत्वनाला फोन केलेल्या आपल्याच एका श्राविकेनं वहिनींना ऐकवलं, “असाता कर्माचा उदय, त्याला आपण काय करणार!” सिद्धांत चुकीचा नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, कर्माचा सिद्धांत माणसानं स्वतःच्या दुःखाला लावावा, दुसऱ्याच्या नाही. दुसऱ्याच्या दुःखापुढे आपल्याला करायचं ते त्या सिस्टरनं केलं. वहिनी आजही त्या श्राविकेचा फोन उचलत नाहीत. सिस्टरला मात्र राखी पौर्णिमेला साडी गेली.

आक्का, रडकं झालं का? मला तसं वाटत नाही. ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकला की दोन वर्षं आपल्या पोटात गोळा यायचा, पण मला सकारात्मक म्हणजे काय विचाराल तर धुतलेल्या तेलाच्या बाटल्या, फाटकावरचं दूध आणि तो कागद. तिन्ही बाहेरून आलं आहे. मंडळात हे असंच बोलणार आहे, वेळ संपली की माझा आवाज बंद करा. गेल्या वर्षी आक्कांनी स्वतःचाच आवाज बंद करून दहा मिनिटं प्रवचन दिलं होतं, त्यामुळे मला थोडी सवलत मिळेल.

पौर्णिमा झाली की क्षमावाणी. दर वर्षी मी हात जोडलेलं एक चित्र दीडशे लोकांना एकदम पाठवते. गेल्या वर्षी ते समोरच्या काकूंनाही गेलं, खिडकी लावल्यानंतर महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांचं उत्तर आलं नाही. या वर्षी चित्र नाही. सकाळी दूध आलं की त्यातलं लिटरभर घेऊन गल्ली ओलांडायची आहे आणि काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये.