वाऱ्याला फॉर्म्युल्यात जागा नाही?

पॅराबोलिक (मराठीत अन्वस्त! कॉन्व्हेंटवाल्यांनो, नोट करा) रिफ्लेक्टरच्या गेनचं डेरिव्हेशन आपण सगळेच घोकतो. पण खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश बघून मी चाटच पडले. पत्रा नाहीच, नुसती तारेची जाळी! तिथली सर्वांत कमी तरंगलांबी साधारण २१ सेंटिमीटर, जाळीची भोकं १ ते २ सेंटिमीटर. लहरींना ती जाणवत नाहीत, वारा मात्र आरपार जातो. म्हणून डॉ. गोविंद स्वरूप यांना हलका सांगाडा चालला, अशा ३० डिश परवडल्या. डीटीएचच्या छत्रीला ही जाळी चालणार नाही, तिथे तरंगलांबीच अडीच सेंटिमीटर.

‘भोकं किती मोठी चालतील?’ हा प्रश्न पेपरात का येत नाही? सर, सबमिशनच्या आधी एकदा खोडदची बस काढाच.