ग्रामसभा तहकूब झाली की गावाचं काय जातं?

झेंडावंदन होतं, मुलांना खाऊ वाटला जातो आणि लाऊडस्पीकरवरून सूचना येते, 'थोड्याच वेळात ग्रामसभा सुरू होईल.' तोपर्यंत निम्मं गाव घरी पोहोचलेलं असतं. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. मग संध्याकाळी त्याच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गटार, पाणी आणि घरकुलाच्या यादीवरून वाद रंगतो.

हे चित्र अनेक गावांत दिसतं. पण सभा तहकूब झाल्याने नेमकं काय बिघडतं?

नियम काय सांगतो?

७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. गावाच्या मतदार यादीतली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. महाराष्ट्रात वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. सरपंचाने कारण नसताना सभा टाळल्या, तर पद जाऊ शकतं.

गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० जण, तर २,००० मतदारांच्या गावात १०० जण पुरतात.

खरी मेख पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पंधरा-वीस जणांच्या उपस्थितीतही ठराव होऊ शकतो आणि तो गावाचा ठराव म्हणूनच इतिवृत्तात नोंदला जातो.

पणाला काय लागलेलं असतं?

१५व्या वित्त आयोगाच्या राज्यातल्या निधीपैकी ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींसाठी होता. हा पैसा कशावर खर्च करायचा, याचा आराखडा ग्रामसभेसमोर यावा लागतो. घरकुलाचे लाभार्थीही तिथेच ठरतात. सभेला न जाणाऱ्यांच्या वाट्याचा निर्णय मग हजर असलेले लोक घेतात.

लोक का जात नाहीत?

याला फक्त लोकांची उदासीनता जबाबदार नाही. सभेची वेळ अनेकदा मजुरीच्या वेळेत असते. विषय आधी नीट कळत नाहीत. वाचून दाखवलेला जमाखर्च ऐकताना समजत नाही. सर्वांसमोर प्रश्न विचारला तर वैर येईल, अशी भीती असते. आणि मागच्या ठरावाचं काय झालं, हे कुणी सांगत नसेल, तर पुन्हा यायचं कशासाठी?

मेंढा-लेखाने काय वेगळं केलं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

या गावाच्या पद्धतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे अभ्यासगट. तिथे विषय आधी समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावलं जातं. निर्णय मात्र गावच घेतं. दुसरी म्हणजे सर्वसहमती. बहुमताने विषय उरकण्यापेक्षा सगळ्यांना पटेपर्यंत चर्चा चालते. त्यामुळे एकट्या पडलेल्या माणसाचं म्हणणंही ऐकावं लागतं.

शहरात काय स्थिती आहे?

शहरी मतदारासाठी कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. मात्र काम सुचवणं वेगळं आणि निर्णयात बसणं वेगळं. शिवाय मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात मुंबई आणि पुण्यात महापालिकेची निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकांकडे होता आणि प्रश्न विचारायला प्रभागात नगरसेवकही नव्हता.

मग सुरुवात कुठून होऊ शकते?

ग्रामसभेची सूचना किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या वेळात आपला विषय लेखी देता येतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. सभेत पहिला प्रश्न मागच्या ठरावांचा विचारता येतो: त्यातले किती अमलात आले?

ग्रुपवरची तक्रार दुसऱ्या दिवशी मेसेजांच्या गर्दीत वर सरकून जाते. सभेत विचारलेला आणि इतिवृत्तात नोंदलेला प्रश्न मात्र पंचायतीच्या दप्तरात राहतो. पुढच्या सभेत तेच पान उघडून उत्तर मागता येतं.