पोथी शाबूत, मंत्र गेला

विद्याधन चोराला पळवता येत नाही, असे सांगून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना अभ्यासाला बसवले गेले. मीही त्याच आश्वासनावर पाढे पाठ केले. परंतु हे धन लुटणारा एक चोर १९७४ साली अमेरिकेत जन्माला आला आणि भाच्याने त्याची नि माझी गाठ घालून दिली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. फासे असतात, पण बोलणेच अधिक. टेबलाभोवती बसून कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार. पराक्रमाचे गुण साठले की पायरी चढते.

यातला मांत्रिक अगदी परीक्षार्थी आहे हो! मंत्र सारे पोथीत. रोज त्यांतले मोजकेच पाठ करायचे. आणि जुन्या नियमांत मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतलेली. १९७८ च्या नियमांप्रमाणे पाचव्या पायरीवरच्या मांत्रिकाच्या डोक्यात एका वेळी सात मंत्र मावतात: चार पहिल्या प्रतीचे, दोन दुसऱ्या आणि एक तिसऱ्या. त्या एकावरच त्याची सारी मिजास, कारण आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र याच प्रतीतला.

आता येतो व्हँपायर. एका तडाख्यात तो दोन पायऱ्या हिरावतो. पाचवीतला मांत्रिक तिसरीत! तेथे मंत्र उरतात तीन. आगीचा गोळा गेलाच. पाचवी गाठायला साडेबावीस हजारांवर गुण जमवावे लागतात. ती कमाई क्षणात बुडते. योद्ध्याचेही नुकसान होते, पण तलवार तरी हातात राहते. मांत्रिकाची पोथी समोर उघडी असते, अक्षर न्‌ अक्षर जागेवर असते, पण ते पान आता डोक्यात मावत नाही.

खेळाडूंनी कुरकुर केली नसती तरच नवल. २००० सालच्या आवृत्तीत नियम सौम्य झाला. फटक्यासरशी वरच्या प्रतीचे मंत्र जात. पायरी कायमची गेली की नाही, ते चोवीस तासांनी फाशावर ठरे. २०१४ च्या आवृत्तीत तर व्हँपायर पायरीला हातच लावत नाही. त्याच्या चाव्याने अंगातले बळ घटते आणि पुरती विश्रांती मिळाली की भरून येते.

भाचा म्हणतो, “मामा, हेच बरे. महिनोन्‌महिने खेळून मिळवलेले एका फाशात का जावे?” त्याचे म्हणणे खोटे नाही. तरी माझे मत जुन्या नियमाच्या बाजूने पडते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. कपाटातले एकही पुस्तक हललेले नाही. पण श्लोकाचा दुसरा चरण वाचेपर्यंत पहिला निसटतो. रात्रभर झोपून ते भरून येत नाही. आम्ही आळीपाळीने जातो, वाचून दाखवतो आणि तोच चरण पुन्हा वाचतो.

जुन्या खेळातही गेलेली पायरी परत आणणारा मंत्र मांत्रिकाच्या पोथीत नव्हताच. तो असे धर्मगुरूकडे, तोही सातव्या प्रतीचा. असा धर्मगुरू सापडेपर्यंत तीन मंत्रांच्या त्या मांत्रिकाला मध्ये घेऊन बाकीच्यांनी चालायचे. भाच्याला मी एवढेच विचारले, “तुमच्या टोळीत त्याला सांभाळून कोण नेतो?”