फुकटचा झाडू, पण दांडा कुणाच्या हातात?

‘पीसी स्लो झालाय? सीसीक्लीनर टाक ना!’ हा सल्ला एकदाही दिला-घेतला नाही असा माणूस तुमच्या ऑफिसात शोधून दाखवा. २००३ साली हा झाडू आला, तेव्हा त्याचं नाव चक्क ‘क्रॅप क्लीनर’ होतं. टेंप फाइल्स, ब्राउझरची हिस्टरी, रिसायकल बिन... एक क्लिक, सगळं साफ! आणि तेही फुकट. आपल्याला अजून काय हवं असतं?

गंमत पुढेच आहे. जुलै २०१७ मध्ये अँटीव्हायरसवाल्या अवास्टनं पिरिफॉर्म ही सीसीक्लीनरची कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबरात बॉम्ब फुटला. ऑगस्टमध्ये आलेल्या ५.३३ या व्हर्जनमध्येच हॅकर्सनी व्हायरस पेरला होता, तोही कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमध्ये! सुमारे २२.७ लाख कम्प्युटरवर तो पोचला. हॅकर्सचा डोळा खरं तर बड्या टेक कंपन्यांवर होता. आपण नुसते वाटेत सापडलो. त्यात फ्री व्हर्जनला आपोआप अपडेट होण्याची सोयच नव्हती. म्हणजे फुकटवाल्यांनी बातमी वाचायची, साइटवर जायचं आणि नवं व्हर्जन स्वतः टाकायचं. ज्यांनी बातमी वाचली नाही, त्यांचं काय?

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये ५.४५ व्हर्जन आलं. खिडकी बंद केली तरी हे महाशय कोपऱ्यात जागेच! वापराची माहिती कंपनीला पाठवणं थांबवायचं सेटिंगही जागेवर नव्हतं. लोक एवढे भडकले, की कंपनीनं ते व्हर्जन मागे घेऊन जुनं ५.४४ परत ठेवलं. मग २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरनं फ्री इन्स्टॉलरला ‘नको असलेलं अॅप’ ठरवलं. कारण? सोबत येणारे बिनबोलावलेले पाहुणे, म्हणजे इतर प्रोग्राम्स.

आज मालकी जेन डिजिटलकडे आहे. फ्री व्हर्जन अजून मिळतं. पण सतत नजर ठेवणं, ठरल्या वेळी आपोआप सफाई करणं, अशा आरामाच्या गोष्टी पैसे भरणाऱ्यांसाठी. यात चूक काही नाही, कंपनीलाही पगार द्यायचे असतात. फक्त इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. प्रत्येक टिकमार्क वाचा.

आणि एक गोष्ट हमखास सगळे विसरतात. फ्री व्हर्जन फक्त घरगुती वापरासाठी असतं! ऑफिसच्या लॅपटॉपवर ते टाकलंत तर लायसन्सचा प्रश्न कंपनीचा आणि आयटीवाल्यांसमोर उत्तर देणारे तुम्ही. अप्रेझलच्या महिन्यात हा ताप कशाला?

मग सफाई करायची कशी? घरचाच झाडू आहे की, राव.

- विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथे जा. ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा. टेंप फाइल्स तोच काढतो. डाउनलोड्सच्या फोल्डरचं सेटिंग मात्र आधी तपासा, नाहीतर जपून ठेवलेली सॅलरी स्लिप गायब!
- कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये नको ते प्रोग्राम बंद करा. पीसी सुरू व्हायला लागणारा वेळ बऱ्याचदा इथेच वाचतो.
- हिस्टरी, कुकीज ब्राउझरमधूनच काढा. कुकीज गेल्या की सगळीकडून लॉगआउट व्हाल. पासवर्ड आठवतायत ना?
- रजिस्ट्री क्लीनरच्या नादी लागू नका. असल्या टूल्सना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. वेग वाढेलच याची खात्री नाही आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज नव्यानं टाकायची वेळ येऊ शकते.

एवढं करूनही सीसीक्लीनरच हवा असेल, तर जरूर ठेवा. फक्त कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि व्हर्जन ताजं ठेवा. घरी कामाला येणाऱ्या बाईंना किल्ली देताना आपण दहा प्रश्न विचारतो. इथे तर अख्ख्या पीसीची किल्ली देतोय, दोन तरी विचारा!