मनातले ओळखावे; विकू नये

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घरी जागेचा व्यवहार करणारा मध्यस्थ येतो. घरधनी वृद्ध गृहस्थ सांगतात, "आम्हाला घाई नाही. भाव आला तरच देऊ." एवढ्यात त्यांच्या पत्नीची नजर भिंतीवरील पुराच्या खुणेकडे जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, त्या वेळची ती खूण. मध्यस्थ काय ते समजतो. पुढच्या पावसाळ्यापूर्वी या दोघांना विश्रामबागेकडे राहायला जायचे आहे.

न बोललेले ओळखण्याच्या या शक्तीला आज भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. १९९० मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली, आणि १९९५ मधील डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचवली. मात्र समोरच्याची नाडी सज्जनाला कळते, तशी ठकालाही कळते. खरा प्रश्न नाडी कळल्यानंतरचा आहे.

खरेदीदार मध्यस्थाला वाटेत विचारतो, "त्यांना गरज आहे का हो? थोडे ताणून धरू का?" मध्यस्थाने नुसती मान हलवली तरी वृद्धांचे काही लाख रुपये जातात. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे दस्त करणे, सर्वांना दोष वाटतो. पाचवा अतिचार मात्र सहसा ध्यानात येत नाही. तो साकारमंत्रभेद: दुसऱ्याच्या मुद्रेवरून, हावभावांवरून त्याचे मनोगत ताडून ते उघड करणे. सांगितलेली गोष्ट खरी असली, तरी तो व्रताचा दोषच.

म्हणून जाणता मध्यस्थ म्हणतो, "भाव त्यांनी सांगितला आहे, आपला आकडा आपण द्यावा. पुराचे विचाराल, तर पाणी कोठवर आले होते ते मी स्वतः दाखवतो." घराचा दोष लपवायचा नाही आणि माणसाची अगतिकता उघड करायची नाही, ही मर्यादा त्याला ठाऊक असते.

साताऱ्याच्या जुन्या पेठेतील वाड्यात कसोटी निराळी असते. भाऊ पुण्याला स्थायिक, बहीण सासरी. वाडा विकण्यासाठी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी असते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. "ताई काही म्हणणार नाहीत," असे भाऊ सांगतात, आणि ताई खरोखरच गप्प असतात. दलालीवर डोळा असलेला मध्यस्थ त्या मौनाला संमती समजतो. समंजस मध्यस्थ कागद बाजूला ठेवून भावांना म्हणतो, "ताईंशी आधी घरात बोलून घ्या, मी आठवड्याने येतो." आठवडा लांबतो, पण पुढचा दिवाणी दावा टळू शकतो, आणि बहिणीचे माहेरही तुटत नाही.

कायदा येथे किती पुरतो? महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु रेरा कायद्याची एजंट-नोंदणी नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. गावभागातील जुने घर, पेठेतील वाडा, खेड्यातील शेतजमीन यांचे व्यवहार बहुतांशी त्या चौकटीबाहेरच राहतात. सातबारा, फेरफार, बोजा कागदावर तपासता येतात. मध्यस्थाने खरेदीदाराच्या कानात काय सांगितले, याची नोंद कोठल्याच दप्तरी होत नाही.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज या व्यवसायात उतरत आहेत. त्यांनी दर, रेडीरेकनर आणि मुद्रांक शुल्क यांचा अभ्यास अवश्य करावा. त्याबरोबर एक नियमही बाळगावा: दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचलेली गरज ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. ती ज्याची त्याच्याच हितासाठी वापरावी. खरेदीखत झाल्यावर दोन्ही घरी ज्याला चहासाठी थांबवून घेतात, त्या मध्यस्थाची खरी कमाई दलालीच्या पावतीत मावत नाही.