गच्चीला चुना लावा!

परवा सोसायटीच्या मीटिंगमधे गच्चीवर बाग करायची टूम निघाली. लॉन, कट्टा, वीकेंडला चहा... मीही हात वर करणारच होतो. मग म्हटलं, आधी हिशेब तर मांडू.

१५ सेंटीमीटर भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो सहज. आणि वापरातल्या गच्चीवर माणसं-सामानाचा भार आयएस ८७५ प्रमाणे धरतात साधारण १५० किलो. शिवाय मुळं वॉटरप्रूफिंगमधे घुसली की गळती थेट वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता लॉन? नको रे बाबा!

या काकूंना एप्रिलमधे रात्री अकरालाही पंख्याखाली झोप लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. त्यांना लॉन नकोय, थंड स्लॅब हवाय. त्याला उपाय साधा, पांढरा रंग. ऊन परत फेकतो, वजन जवळजवळ शून्य. तेलंगणाने तर २०२३ मधे कूल रूफचं धोरणच आणलं.

पण एकदा रंगवलं की सुटलो, असं नाही. चुना पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा. कूल रूफचा रंग टिकतो, पण धूळ-शेवाळ बसलं की काम कमी करतो; दर मार्चमधे घासून धुवायचा. आमच्या धंद्यातही रिलीजला केक कापायला सगळे, मेंटेनन्सला कुणी नाही!

म्हणून आधी बजेटमधे दरवर्षीची धुलाई लिहा, मग रंग आणा. रविवारी मतदान आहे. गच्चीखाली राहणारी घरं चार, बाकी आम्ही वीस. मी काकूंच्या बाजूने. तुम्ही?